सहा पौंडांची पेढी

इंग्रजी भाषेतील ‘कंप्यूटर’ हा शब्द मुळात यंत्राचा वाचक नव्हता. आकडेमोड करणाऱ्या माणसाला तो लावला जाई, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे काम करणारे माणूस पुष्कळदा स्त्री असे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे जर्मनांचे गुप्त संदेश फोडण्यासाठी ‘कोलोसस’ नावाची यंत्रे बसविण्यात आली. ती चालविणाऱ्या नौदलाच्या महिला दलातील तरुणी होत्या. अमेरिकेत ‘एनिअ‍ॅक’ हे अवाढव्य यंत्र १९४६ साली जगापुढे आले. त्याला कामाला लावणाऱ्या पहिल्या सहा जणी गणित शिकलेल्या मुलीच होत्या. यंत्र बांधणे हे पुरुषांचे मानाचे काम, आणि त्याने काय करावे हे त्याला सांगणे हे बायकांचे कारकुनी काम, अशी ती वाटणी होती. पुढे सांगण्याचे हे कामच अधिक अवघड आहे, आणि म्हणून त्यात पैसाही आहे, हे ध्यानात येऊ लागले, तसतसे ते पुरुषांच्या हाती सरकले. ज्या स्त्रियांना ते येत होते त्या लग्ने होऊन, मुले होऊन घरी बसल्या. त्यांची विद्या त्यांच्याबरोबर घरी गेली, आणि ती वाया जात आहे याची खंत करण्याइतकीही फुरसत कोणाला नव्हती.

ही वाया जाणारी विद्या म्हणजे पडून राहिलेले भांडवल आहे, हे एका स्त्रीच्या लक्षात आले. तिचे नाव स्टेफनी शर्ली. १९६२ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, सहा पौंडांच्या भांडवलावर तिने आपल्या राहत्या घरात एक पेढी काढली. यंत्रांसाठी आज्ञावल्या, म्हणजे आजच्या भाषेत ‘सॉफ्टवेअर’, लिहून विकणे हा तिचा धंदा. काम करणाऱ्या बहुतेक सगळ्या जणी घरी बसलेल्या स्त्रिया, आणि काम करण्याचे ठिकाण त्यांचे त्यांचे घर. ही कल्पना आज ऐकायला साधी वाटते. त्या काळी ती दुहेरी हास्यास्पद होती. एक तर आज्ञावली ही स्वतंत्रपणे विकण्याची वस्तू आहे हेच फारसे कोणाला मान्य नव्हते. यंत्र विकत घेतले की आज्ञावली त्याच्याबरोबर फुकट मिळे, एखाद्या शिवणयंत्राबरोबर तेलाची कुपी मिळावी तशी. आणि दुसरे म्हणजे ती विकायला निघालेली व्यक्ती बाई होती.

या बाईंचा जन्म इंग्लंडातला नव्हे. १६ सप्टेंबर १९३३ रोजी जर्मनीतील डॉर्टमुंड शहरी त्या जन्मल्या, तेव्हा त्यांचे नाव व्हेरा बुखताल असे होते. वडील न्यायाधीश होते आणि यहुदी होते. हिटलर सत्तेवर आल्यावर या दोन गोष्टी एकत्र नांदणे शक्य नव्हते. नोकरी गेली आणि कुटुंब भटकत व्हिएन्नाला आले. १९३८ साली ऑस्ट्रियाही जर्मनीने गिळंकृत केला. त्या वर्षाच्या अखेरीपासून महायुद्ध सुरू होईपर्यंत सुमारे दहा हजार मुलांना, त्यांतील बहुसंख्य यहुदी, आगगाड्यांतून इंग्लंडला पोचविण्यात आले. आईबापांना बरोबर येण्याची परवानगी नव्हती. जुलै १९३९ मध्ये व्हिएन्नाहून निघालेल्या अशा एका गाडीत पाच वर्षांची व्हेरा आणि तिची नऊ वर्षांची बहीण रेनाते या दोघी होत्या. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकावर त्या उतरल्या, आणि मध्य इंग्लंडातील सटन कोल्डफील्ड येथील एका अपत्यहीन दांपत्याने त्यांना आपल्या घरी नेले. पुष्कळ मुलांच्या नशिबी आले ते व्हेराच्या नशिबी आले नाही. तिचे आईवडील दोघेही जिवंत राहिले आणि पुढे भेटलेही. परंतु तुटलेला धागा पुन्हा सांधला गेला नाही. मुलीने आईबाप मानले होते ते सटन कोल्डफील्डचे.

आपण वाचलो, आपल्या वयाची पंधरा लाख मुले वाचली नाहीत, तेव्हा हे वाचवलेले आयुष्य वाचवण्याच्या लायकीचे ठरले पाहिजे, असे त्या पुढे वारंवार सांगत. अशा उद्गारांना आत्मचरित्रांतून आणि मुलाखतींतून एक ठरावीक रंग चढतो हे खरे. पण त्यांच्या आयुष्यातील व्यवहाराचे निर्णय पाहिले, विशेषतः पैसा मिळविण्यापेक्षा तो सोडून देण्याचे, तर हे केवळ बोलणे नव्हते असे मानावे लागते.

शाळेत त्यांना गणिताची ओढ लागली. वेल्सच्या सीमेजवळच्या ऑस्वेस्ट्री येथील मुलींच्या शाळेत त्यांना हवे तेवढे गणित शिकविण्याची सोय नव्हती, म्हणून जवळच्या मुलांच्या शाळेत जाऊन ते शिकण्याची त्यांनी परवानगी मिळविली. अठराव्या वर्षी त्या ब्रिटिश नागरिक झाल्या आणि त्यांनी स्टेफनी ब्रुक हे नाव घेतले. विद्यापीठात न जाता त्या लंडनमधील डॉलिस हिल येथील डाक खात्याच्या संशोधन केंद्रात नोकरीला लागल्या. हे केंद्र नावाने डाक खात्याचे असले तरी पत्रांच्या पेट्यांशी त्याचा संबंध थोडा होता. इंग्लंडात दूरध्वनी डाक खात्याकडे असल्यामुळे विद्युत्तंत्राचे उत्तमोत्तम जाणकार तेथे जमले होते. ब्लेचली पार्कचे कोलोसस याच ठिकाणी टॉमी फ्लॉवर्स यांनी बांधले होते, मात्र ही गोष्ट त्या वेळी सरकारी गुपित होती. स्टेफनींनी तेथे विद्युत्कणांवर चालणाऱ्या दूरध्वनी केंद्राच्या आखणीत भाग घेतला. ‘अर्नी’ या यंत्राचेही काम केले. सरकारने काढलेल्या बक्षिसी रोख्यांचे क्रमांक हे यंत्र निवडी, आणि जून १९५७ मध्ये त्याची पहिली सोडत झाली. यंत्राने काढलेले आकडे खरोखरच निर्हेतुक आहेत, त्यांत कोणाची वशिलेबाजी नाही, याची खातरी करणे हे गणिताचे काम होते. दिवसा नोकरी आणि रात्री वर्ग, अशी सहा वर्षे काढून त्यांनी १९५६ साली गणिताची पदवी घेतली.

ब्रिटनच्या सरकारी नोकरीत लग्न झाले की स्त्रीने राजीनामा द्यायचा हा दंडक १९४६ पर्यंत होता. दंडक गेला तरी वहिवाट गेली नव्हती. १९५९ साली त्याच केंद्रातील पदार्थविज्ञानज्ञ डेरेक शर्ली यांच्याशी स्टेफनींचे लग्न झाले, आणि नवराबायको एकाच ठिकाणी काम करतात हे बरे दिसत नाही म्हणून कोणी नोकरी सोडावी, हा प्रश्न विचारण्याचीही गरज कोणाला भासली नाही. शर्लीबाई संगणक बनविणाऱ्या एका खासगी कंपनीत गेल्या. तेथे काम चांगले होते, सहकारी चांगले होते. पण यंत्राच्या किमतीविषयी, विक्रीविषयी, कारभाराविषयी त्या काही बोलू लागल्या की त्यांना त्यांची जागा दाखवून दिली जाई. यंत्राची घडण जाणणाऱ्या बाईने घडणीपुरतेच बोलावे. इंग्रजीत याला नोकरीच्या माथ्यावरचे काचेचे छत म्हणण्याची पद्धत पुढे पडली. शर्लीबाईंनी त्या छताला डोके आपटत बसण्याऐवजी ते घरच सोडले.

लंडनच्या वायव्येस बकिंगहॅमशायर परगण्यात चेशम गावाजवळ लहानशा घरात हे दांपत्य राहत होते. त्या घरातील जेवणाचे टेबल हेच पेढीचे कार्यालय झाले. नाव ठेवले ‘फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स’. ब्रिटनमधली ही पहिलीच अशी पेढी होती असे नव्हे. डीना सेंट जॉन्स्टन या बाईंनी १९५९ सालीच आज्ञावल्या लिहून देणारी स्वतंत्र संस्था काढली होती, आणि तो मान त्यांचाच आहे. शर्लीबाईंचे वेगळेपण धंद्यात नव्हते. माणसे कोठून आणायची या प्रश्नाच्या उत्तरात होते.

त्यांनी पहिल्यांदा केलेले काम म्हणजे पत्रे पाठविणे. कंपन्यांच्या चालकांना त्यांनी ‘स्टेफनी शर्ली’ अशी स्वाक्षरी करून पत्रे लिहिली. उत्तरे येईनात. तेव्हा पतीने सुचविले की स्वाक्षरीत ‘स्टीव्ह’ असे लिहून पाहावे. स्टीव्ह हे पुरुषाचे नाव. पत्राचा मजकूर तोच, पत्ता तोच; पण आता उत्तरे येऊ लागली, भेटीच्या वेळा ठरू लागल्या, आणि ‘स्टीव्ह’ दारातून आत आल्यावर समोरच्या गृहस्थांच्या ध्यानात काय ते येई, तोवर बोलणे सुरू झालेले असे. हे नाव पुढे त्यांना कायमचे चिकटले. मित्रमंडळींत त्या अखेरपर्यंत स्टीव्हच राहिल्या. आणखी एक युक्ती त्यांनी केली होती. घरात दूरध्वनीवर बोलताना मागे मूल रडत असेल, भांडी वाजत असतील, तर समोरच्याला ही कसली कचेरी असे वाटू नये म्हणून टंकलेखनाच्या खडखडाटाची ध्वनिफीत त्या लावून देत. विनोदी वाटते, पण त्या काळच्या ब्रिटनमध्ये विवाहित स्त्रीने कर्ज मागितले तर नवऱ्याची सही आणा असे पतपेढ्या बिनदिक्कत सांगत, आणि १९७५ पर्यंत त्यांना तसे सांगण्यास कायद्याने मनाई नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे या विनोदाला दुसरी बाजू दिसते.

घरी बसून संगणकाचे काम होणार कसे? घरी तर संगणक नव्हता. एकेक यंत्र एकेक दालन व्यापी आणि त्याची किंमत एखाद्या लहान कारखान्याएवढी असे. पण गंमत अशी की आज्ञावली लिहिण्यास यंत्र लागतच नव्हते. लागे ती पेन्सिल, कागद आणि एकाग्र डोके. कारखान्यातील मालाचा हिशेब ठेवायचा असो की मालगाड्यांचे वेळापत्रक बसवायचे असो, प्रथम त्या कामाची पायरीपायरीने फोड करून कामाचा ओघ दाखविणारी आकृती कागदावर काढायची. हे झाले असेल तर इकडे वळा, नसेल तर तिकडे, अशा तऱ्हेचे ते वाटाड्याचे चित्र असे. मग त्यातील एकेका पायरीचे यंत्राला कळेल अशा संकेतांत रूपांतर करून ते छापील तक्त्यांवर लिहायचे. हे तक्ते टपालाने केंद्रात जात. तेथे ते कागदी फितीवर किंवा कार्डांवर भोके पाडून उतरवले जात, आणि चूक राहू नये म्हणून तेच काम दुसऱ्यांदा करून ताडून पाहिले जाई. एवढे झाल्यावर ती आज्ञावली कोठे यंत्राजवळ पोचे. म्हणजे जे काम कचेरीतच झाले पाहिजे असे सगळे जग समजत होते, त्यातील बुद्धीचा भाग मुळातच कोठेही होण्यासारखा होता. मूल झोपले असताना, सकाळी सगळे बाहेर गेल्यावर, रात्री जेवणे आटोपल्यावर. ही गोष्ट इतर कोणाला दिसली नाही, कारण ती दिसावी अशी कोणाची गरज नव्हती.

पेढीत येऊ इच्छिणाऱ्या स्त्रीला एक प्रश्न आधी विचारला जाई: तुमच्याकडे दूरध्वनी आहे का? साठीच्या दशकात इंग्लंडातही घरोघर दूरध्वनी नव्हता, आणि दूरध्वनी व टपाल हेच या पेढीचे दोन हातपाय होते. १९६४ साली लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रात जाहिरात देण्यात आली. घरी राहून काम करू शकतील अशा ‘निवृत्त’ महिला प्रोग्रॅमर हव्यात, असा तिचा आशय. निवृत्त म्हणजे वयाने नव्हे. पंचवीस-तीस वर्षांच्या, लग्नामुळे वा मुलांमुळे धंदा सोडलेल्या. स्त्रियांच्या विरोधकांनी या वाटेला फिरकू नये, असा एक चिमटाही त्या जाहिरातीत होता. त्याच वर्षी पेढीची रीतसर कंपनी झाली.

पसरलेल्या घरांतून चाललेले काम बांधून कसे धरायचे, हा खरा कसोटीचा भाग होता, आणि शर्लीबाईंची व्यापारी बुद्धी दिसते ती येथे. समोर बसलेल्या नोकराला तो किती तास बसला यावरून पगार देता येतो; दहा गावांतल्या दहा बायकांचे तास कोण मोजणार? आणि गिऱ्हाईक तरी त्या तासांवर विश्वास का ठेवील? म्हणून त्यांनी तासांचा हिशेबच टाकला. संपूर्ण कामाची एकच ठरलेली किंमत सांगायची, आणि त्या किमतीत ते पुरे करून द्यायचे. अंदाज चुकला तर नुकसान पेढीचे. या पद्धतीमुळे कामाचा अंदाज बांधण्याची, प्रत्येक टप्प्यावर तपासणी करण्याची आणि जे लिहिले ते दुसरीला वाचून कळेल असे लिहिण्याची शिस्त आपोआपच अंगी आली. एकीच्या घरी गोवर आला तर दुसरीने तिचे तक्ते उचलून पुढे चालावे, इतके ते स्वच्छ असावे लागत. ज्या गोष्टी पुढे या व्यवसायात शास्त्र म्हणून शिकविल्या जाऊ लागल्या, त्यांपैकी काही येथे केवळ संसाराच्या अडचणींतून निघाल्या.

या बायकांनी केलेल्या कामांत सर्वांत अधिक बोलबाला झाला तो ‘कॉंकॉर्ड’ विमानाच्या कामाचा. ध्वनीपेक्षा अधिक वेगाने उडणारे हे विमान ब्रिटन आणि फ्रान्स यांनी मिळून बांधले. त्याचे पहिले उड्डाण १९६९ साली झाले. विमानात घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवणारे जे यंत्र असते, ज्याला लोक ‘ब्लॅक बॉक्स’ म्हणतात, त्यासाठीच्या आज्ञावल्या या पेढीतील सुमारे तीस स्त्रियांनी आपापल्या घरी बसून लिहिल्या. त्यांच्या कामाचे नेतृत्व अ‍ॅन मॉफट या बाईंकडे होते. १९६६ सालचे त्यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. टेबलावर कागद पसरलेले आहेत, बाई काही लिहीत आहेत आणि शेजारी त्यांचे तान्हे मूल आहे. अनेक पुस्तकांतून हे चित्र गोड म्हणून छापले जाते. जिला एका हाताने मूल आवरत दुसऱ्या हाताने आकडे मांडावे लागले असतील, तिला ते कितपत गोड वाटले असेल हा प्रश्न वेगळा.

शर्लीबाईंच्या स्वतःच्या घरात तर हा प्रश्न फार कठोर रूपाने आला. १९६३ साली त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव जाइल्स. पहिली दोन वर्षे सगळ्या मुलांसारखा वाढणारा, बोलू लागलेला हा मुलगा हळूहळू बोलणे विसरला. तो तीव्र स्वमग्न होता, आणि स्वमग्नतेची ओळखही त्या काळी डॉक्टरांतील थोड्यांनाच होती. तो पुढे कधी बोलला नाही. वयात येऊ लागल्यावर त्याचे उद्रेक आणि अपस्माराचे झटके यांनी घर मेटाकुटीला आले. सत्तरीच्या दशकात आर्थिक मंदीने पेढीवर संकट आले तेव्हा एका बाजूला कामे आटत होती आणि दुसऱ्या बाजूला हा मुलगा होता. अखेर १९७६ च्या सुमारास शर्लीबाईंची स्वतःची प्रकृती पार ढासळली आणि जाइल्सला मनोरुग्णांच्या मोठ्या रुग्णालयात ठेवावे लागले. मुले असणाऱ्या स्त्रियांना काम मिळावे म्हणून पेढी काढणाऱ्या आईला आपले मूल दुसऱ्याच्या हवाली करावे लागले. घर आणि काम यांचा मेळ घालण्याची जी किल्ली त्यांना सापडली होती तिने हे कुलूप उघडले नाही, आणि त्यांनी तसा दावाही कधी केला नाही.

१९७५ साली ब्रिटिश पार्लमेंटाने लिंगभेदाविरुद्धचा कायदा संमत केला. नोकरीत स्त्री म्हणून वा पुरुष म्हणून कोणाला डावलता येणार नाही, असा त्याचा अर्थ. स्त्रियांच्या हक्कासाठी झालेला हा कायदा ज्यांना प्रथम अडला त्यांत शर्लीबाईंची पेढी होती. तोवरच्या पहिल्या तीनशे माणसांत दोनशे सत्त्याण्णव स्त्रिया होत्या आणि पुरुष तीन. मुले असणाऱ्या स्त्रियांना रोजगार देणे हे तिचे लिखित उद्दिष्ट. तेच आता बेकायदेशीर झाले. शर्लीबाईंनी उद्दिष्टातील शब्द बदलले. स्त्रियांच्या ऐवजी ज्यांच्यावर कोणी अवलंबून आहे अशी माणसे, असा पालट झाला. म्हाताऱ्या आईची शुश्रूषा करणारा मुलगा त्यात बसू लागला, आजारी बायकोचा नवराही बसू लागला. कायद्यापुढे मान तुकविताना कल्पना मूळच्यापेक्षा रुंद झाली, असे म्हणण्यास हरकत नाही. पेढीचे नावही त्या सुमारास ‘एफ इंटरनॅशनल’ असे झाले होते. त्या ‘एफ’चा अर्थ फ्रीलान्स की फीमेल, हे ज्याने त्याने आपापल्या परीने ठरवावे.

या व्यवस्थेची उणी बाजूही होती, आणि ती झाकण्याचे कारण नाही. घरून काम करणाऱ्या बाईला मिळे ते केलेल्या कामाचे दाम. काम नसेल तो महिना कोरडा. आजारपणाची पगारी रजा, निवृत्तिवेतन, वर्षांमागून वर्षे वाढत जाणारा पगार या कायम नोकरीच्या गोष्टी बहुतेकींच्या वाट्याला नव्हत्या. शिवाय घरातले काम होते तेथेच राहिले, त्यावर हे चढले. ज्या बाईकडे गणिताची विद्या, दूरध्वनी आणि बसायला एक कोपरा होता तिलाच ही वाट मोकळी होती; खेड्यातल्या वा गिरणीतल्या मजुरिणीला नव्हे. टीकाकार हे म्हणत आले आणि त्यात तथ्य आहे. पण दुसऱ्या पारड्यात काय होते हेही पाहिले पाहिजे. दुसऱ्या पारड्यात अर्धवेळ नोकरी नव्हती, पाळणाघर नव्हते, मूल मोठे झाल्यावर परत घेणारी कंपनी नव्हती. दहा वर्षे हातातून सुटलेली विद्या परत येत नाही, आणि संगणकासारख्या रोज बदलणाऱ्या धंद्यात तर मुळीच नाही. पेढीने या स्त्रियांना पैशाइतकीच ही एक गोष्ट दिली, की त्यांचा धंद्याशी संबंध तुटला नाही.

दाम आणि मालकी यांतील अंतर शर्लीबाईंना दिसत होते, आणि पेढी ज्यांच्या कष्टांवर उभी आहे त्यांची ती असावी हा विचार त्यांनी धरला. विचार धरणे सोपे. तो अंमलात आणायला त्यांना अकरा वर्षे लागली. ऐंशीच्या दशकाच्या आरंभापासून भागांचा वाटा विश्वस्तनिधीच्या वाटेने काम करणाऱ्यांकडे जाऊ लागला. जवळजवळ चौथा हिस्सा त्यांनी कोणाकडून दमडी न घेता, केवळ आपल्या मालकीतून कापून दिला. १९९१ साली कंपनीचा ताबा कामकऱ्यांच्या हाती गेला. रोजचा कारभार त्याआधीच, १९८७ पासून, हिलरी क्रॉपर या कर्तबगार बाईंकडे सोपविला होता. शर्लीबाई १९९३ साली निवृत्त झाल्या. १९९६ मध्ये कंपनीचे भाग लंडनच्या शेअर बाजारात आले, भाव चढत गेला, आणि काम करणाऱ्यांपैकी सत्तर जण दशलक्ष पौंडांचे धनी झाले. जेवणाच्या टेबलावर सुरू झालेल्या या पेढीत पुढे साडेआठ हजार माणसे काम करू लागली.

या वाढीच्या काळात कंपनीचा भारताशीही संबंध आला. १९९७ साली तिने दिल्लीजवळच्या नोएडा येथील एक भारतीय कंपनी घेतली, आणि पुढे चेन्नई व पुणे येथेही तिची केंद्रे झाली. पण हा काळ घराघरांतील तक्त्यांचा नव्हे, काचेच्या इमारतींचा होता. २००१ साली कंपनीने ‘झान्सा’ हे नाव घेतले, आणि २००७ मध्ये स्तेरिया या फ्रेंच कंपनीने ती विकत घेतली. मूळचे नाव धंद्याच्या पाटीवरून पुसले गेले.

शर्लीबाईंच्या वाट्याला या सगळ्यातून मोठी संपत्ती आली आणि ती त्यांनी वाटून टाकली. जाइल्सला त्या रुग्णालयातून बाहेर काढून एका साध्या घरात, त्याला समजून घेणाऱ्या माणसांच्या संगतीत ठेवण्यापासून याचा आरंभ झाला. त्यातून स्वमग्न प्रौढांना अशी घरे देणारी संस्था निघाली. मग बर्कशायरमध्ये प्रायर्स कोर्ट येथे स्वमग्न मुलांची निवासी शाळा १९९९ साली उघडली. पण ती पाहायला जाइल्स नव्हता. ऑक्टोबर १९९८ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, तो गेला होता. ऑक्सफर्ड विद्यापीठात इंटरनेटचा समाजावर काय परिणाम होतो याचा अभ्यास करणारी संस्था २००१ साली स्थापन झाली, तीही त्यांच्या देणगीतून. एकूण देणग्या जवळजवळ सात कोटी पौंडांच्या घरात गेल्या. इंग्लंडातील श्रीमंतांची जी यादी दरवर्षी छापून येते तीत त्यांचे नाव एकदा आले होते आणि पुढे गळले, याचे त्यांना दुःख नव्हते. उलट ते त्या हसून सांगत.

मान पुष्कळ मिळाले. ब्रिटिश कंप्यूटर सोसायटीच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, २००० साली ‘डेम’ ही पदवी मिळाली, २०१७ साली ‘कंपॅनिअन ऑफ ऑनर’ हा दुर्मीळ सन्मान. व्हिएन्नाहून निघालेल्या त्या आगगाडीविषयी त्या उतारवयात शाळाशाळांतून बोलत. महत्त्वाकांक्षी बायका कशा ओळखाव्यात, असे त्यांना कोणी विचारले की त्या म्हणत, डोक्याच्या आकारावरून; डोके वरून चपटे असते, कारण सगळे जण येताजाता त्यावर मायेने थापटत आलेले असतात. ९ ऑगस्ट २०२५ रोजी, ब्याण्णवावे वर्ष पुरे होण्यास काही महिने असताना नव्हे, एक्याण्णव पूर्ण करून ब्याण्णवाला महिनाभर उरला असताना, त्यांचे निधन झाले.